सतराची पाठराखीण

सोमवारी सकाळी दहाला ‘तराजू’चा निकाल पडद्यावर आला आणि जनार्दन केळुसकरच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

एकच ओळ होती. विमान क्रमांक सतरा, नौका ‘अपरांता’वरून नौका ‘सिंधुजा’वर, गुरुवारी. खाली कारणही दिलेलं: या विमानाची प्रकृती ताफ्यात सर्वांत उत्तम, म्हणून जिथे काम जास्त तिथे नेमणूक.

“घ्या!” जनार्दन हँगरभर ऐकू जाईल असा ओरडला. “आठ महिने आम्ही न्हाऊ-माखू घालायचं, आणि बाळसं धरलं की धाडायचं भाल्याच्या घरी! आम्ही काय पाळणाघर उघडलंय?”

हाताखालची माणसं हसू दाबत नट आवळत राहिली. भाल्याचं नाव निघालं की चीफच्या तोंडी लागायचं नाही, हे ‘अपरांता’वर सगळ्यांना पाठ होतं.

हा भाल्या कोण, ते आधी सांगतो, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातंय. नौदलाने दोन नव्या विमानवाहू नौका बांधल्या, ‘सिंधुजा’ आणि ‘अपरांता’. एकाच गोदीत, एकाच नकाशावर. लोक कौतुकाने त्यांना बहिणी म्हणत. आणि या दोन बहिणींवरच्या विमानांची देखभाल ज्या दोन चीफ तंत्रज्ञांकडे होती, ते निघाले सख्खे साडू. जनार्दनची शुभदा धाकटी, भालचंद्र आरोंदेकरची नीलाक्षी थोरली. दोघं एकाच दिवशी भरती झालेले, एकाच बाकावर शिकलेले. साडू-साडूंत जे असतं ते यांच्यातही होतं. कुणाच्या घरावर आधी स्लॅब पडला, कुणाला आधी बढती मिळाली, सासूबाईंनी कुणाच्या पानात सुरमईचा मोठा तुकडा वाढला, सगळं जनार्दनला तारीखवार आठवे. भाल्याला यातलं काही आठवत नसे, आणि त्याचाच जनार्दनला जास्त राग येई.

त्यात विमानं अपुरी. एकेका नौकेला चोवीस लढाऊ विमानं हवी होती, म्हणजे एकूण अठ्ठेचाळीस. नौका वेळेवर तयार झाल्या, फीत कापायला पाहुणे वेळेवर आले, बँडही वाजला. विमानं आली सव्वीस. त्यातली आठ कायम उघडून पडलेली, कारण सुटे भाग येईनात. हवेत उडत्या विमानात इंधन भरणारी दोन विमानं मंजूर होती, ती कागदावरच राहिली. आणीबाणीत विमान अडवायचं जाळं दोन नौकांत मिळून एक! संसार दोन आणि तवा एक, असली तऱ्हा. उडती अठरा विमानं दोघींनी वाटून घ्यायची. मग व्हायचं तेच झालं. ‘अपरांता’वरचे लोक ‘सिंधुजा’ला सवत म्हणू लागले, आणि एकावन्न वर्षांच्या मिशीवाल्या बाप्याला रीतसर सवतीमत्सर जडला.

वाटपाचा निवाडा करायला ‘तराजू’ होता. यंत्र मात्र अफलातून हं, त्याला नावं ठेवायची सोय नाही. नौकेवर विमान उतरतं असं आपण म्हणतो, खरं तर ते आपटतं. ताशी दोनशे चाळीस किलोमीटरने येऊन शेपटीखालचा हुक डेकवरच्या पोलादी दोरात अडकवायचा आणि शंभर मीटरांच्या आत, तीनेक सेकंदांत उभं राहायचं. सगळा हिसका हुकाच्या सांध्यावर. असे हिसके खाऊन खाऊन धातू थकतो. आत डोळ्याला न दिसणारी भेग पडते, दर हिसक्याला थोडी वाढते, आणि एके दिवशी सांधा निखळतो. ती भेग पडण्याआधीच तिचा सुगावा लागावा म्हणून या विमानांच्या हाडांवर केसाएवढे बारीक काचतंतू चिकटवलेले होते. तंतूतून प्रकाश सोडायचा. तंतूवर कोरलेल्या सूक्ष्म खाचा त्यातला एकच ठरावीक रंग परत पाठवतात. धातू ताणला की त्याला चिकटलेला तंतूही ताणतो, खाचांमधलं अंतर वाढतं, परत येणारा रंग किंचित बदलतो. रंग किती बदलला त्यावरून हाडाला किती ताण बसला ते कळतं.

हे आकडे घेऊन संगणक प्रत्येक विमानाची एक पडछाया तयार करी, आणि ती खऱ्या विमानाच्या चार पावलं पुढे म्हातारी होई. पडछायेचा सांधा मोडला की खऱ्या विमानाचा बदलायचा. कुणाच्या हाताखाली विमान सावकाश म्हातारं होतं आणि कुणाच्या हाताखाली भराभर, हेही त्यातून दिसे, आणि ज्याचा हात चांगला त्याला ‘तराजू’ जास्त विमानं देई. वर्षभर भाल्याकडे अकरा होती, जनार्दनकडे सात. आता त्या सातांतलंही एक चाललं.

पण हाताने काम करणाऱ्यांची एक रीत ‘तराजू’च्याही आधीची होती. विमान एका नौकेवरून दुसरीवर निघालं की जुना चीफ नव्या चीफला स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लिही आणि ती सीटमागच्या कप्प्यात ठेवी; वाचून झाली तरी ती तिथेच राही. तिला म्हणायचे पाठराखीण. नवी नवरी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा घरची एक बाई सोबत जाते ना, हिला वांगं चालत नाही, ही भूक लागली तरी मागणार नाही, असं हळूच सांगायला? तशी ही चिठ्ठी. नियम एकच. आधी खोड लिहायची, मग गुण. आणि पाठराखीण खोटं बोलत नाही. हा नियम कुठल्याच पुस्तकात नव्हता, म्हणून कधी कुणी मोडला नव्हता.

सतराला एक खोड होती. ती जनार्दननेच लावलेली.

चार महिन्यांपूर्वी हुकाच्या सांध्याशी काम करताना तिथला काचतंतू तुटला. नवा जोडायला जो गोंद लागतो त्याचा डबा संपलेला, मागणी पाठवून तीन महिने झालेले. विमान उभं ठेवलं तर सातांची सहा झाली असती आणि भाल्याने सासुरवाडीला फोन करून विचारपूस केली असती. जनार्दनने केबिनचे पत्रे चिकटवायचा गोंद वापरला. थंडीत उत्तम चिकटला. पण सांधा इंजिनाच्या झळीजवळ. तापला की गोंद मऊ पडे, धातू ताणला तरी तंतू जागचा हलत नसे, आणि संगणकाला वाटे, वा, या सांध्याला काही त्रासच नाही! सतराची पडछाया म्हातारी व्हायचीच थांबली. ‘तराजू’ने जनार्दनचे गुण वाढवले. आयुष्यात पहिल्यांदा तो पडद्यावर भाल्याच्या वर गेला. विमानं मात्र वाढली नाहीत, काम ‘सिंधुजा’वर जास्त होतं.

त्याला आठवड्याभरातच उमगलं होतं. तो हरामखोर नव्हता. यंत्राला दिसत नाही म्हटल्यावर दर पाच उतरणींनंतर तो स्वतः सांध्याला लाल रंग फासायचा, पुसायचा, वर पांढरी पूड मारायचा. भेग असली तर आत मुरलेला रंग पुडीवर लाल रेघ होऊन उमटतो. रेघ कधी आली नाही. मधूनच ‘तराजू’ला शंका येई आणि तो विचारी, सांधा हाताने तपासला का? जनार्दन खरंखुरं ‘होय’ दाबी. फक्त गोंदाचं सांगायचं तेवढं राहून जाई. आज सांगू, उद्या सांगू. पहिला नंबर कुणाला नकोसा होतो?

बुधवारी संध्याकाळी तो पाठराखीण लिहायला बसला. ‘सतरा’ असं लिहून त्याखाली ‘खोड’ लिहिलं आणि पेन थांबलं.

लिहायला हवं होतं: हुकाच्या सांध्याचा आकडा खोटा, गोंद चुकीचा आहे, दर पाच उतरणींना रंग लावून बघ. एवढं वाचलं की भाल्या काय करील? हसेल. “जन्या पहिला कसा आला ते आत्ता कळलं,” म्हणेल. मनाने चांगला, म्हणून कुणाला सांगणारही नाही, आणि त्याचा तो चांगुलपणा जन्मभर अंगावर वागवावा लागेल. त्यापेक्षा राहू दे. थंडी सरून उन्हाळा लागलाय, आज ना उद्या तो गोंद पार सुटेल, आकडा एकदम वर उडी मारील, आणि ‘तराजू’ म्हणेल, विमान भाल्याकडे गेलं आणि महिन्यात म्हातारं झालं. घे म्हणावं चांगला हात!

तुटेल असं काही त्याच्या मनात आलं नाही. जळणारा माणूस तेवढं लांबचं बघत नाही.

त्याने लिहिलं, “खोड नाही. गुणी आहे. सांभाळ.” खाली सही केली, आणि गुरुवारी सतरा उडालं.

पुढचे दहा दिवस बरे गेले. अकराव्या दिवशी दुपारी पावणेतीनला तो जेवून चहा घेत होता तेव्हा फोनवर चैतूने बोलून पाठवलेला निरोप दिसला. चैताली, भाल्याची एकुलती मुलगी, लढाऊ वैमानिक. जनार्दन-शुभदाला मूल नव्हतं. चैतू शाळेच्या सगळ्या सुट्ट्या त्यांच्याकडे काढायची. पाना कसा धरायचा ते तिला जनार्दनने शिकवलेलं, आणि बापाआधी ती काकाला निकाल सांगायची. आजवर ती किनाऱ्यावरच्या तळावर होती. त्याने फोन उजव्या कानाला लावला. डाव्याने गेली चार वर्षं नीट ऐकू येत नव्हतं, पण ते त्याने शुभदालासुद्धा सांगितलं नव्हतं.

“काका, बातमी! कालपासून बाबांच्या बोटीवर आलेय.”

झालं! तीही तिकडेच. विमानं गेली, आता पोरही गेली. जनार्दनने कप खाली आपटला.

“आणि गंमत ऐका. पहिलंच विमान मिळालं ते तुमचं सतरा! आत्ता दोनला उडतेय, सव्वातीनला पहिली उतरण. सीटमागे तुमची चिठ्ठी सापडली. खोड नाही म्हणे! अहो काका, माझ्याबद्दल तरी कधी असं लिहिलं होतंत का?”

जनार्दन जागचा उठला. दहा दिवस. ‘सिंधुजा’वर रोज दोन उतरणी धरल्या तरी वीस. एकदाही रंग नाही. हुक दोरात अडकेल आणि सांधा निखळेल तेव्हा विमानाचा वेग मोडलेला असेल. थांबायलाही अपुरा आणि पुन्हा उडायलाही अपुरा. डेकच्या टोकावरून सरळ पाण्यात.

तो पाच जिने चढून धापा टाकत उड्डाण नियंत्रण कक्षात शिरला. कमांडर मृणाल दाबके दुर्बीण खाली ठेवून वळल्या.

“केळुसकर, काय झालं?”

“मॅडम, सतराला उतरू देऊ नका. हुकाचा सांधा… आकडा खोटा आहे. गोंद मी चुकीचा लावलाय. मला माहीत होतं. मी लिहिलं नाही.”

“का नाही लिहिलं?”

खोलीत सहा माणसं होती, सगळी त्याच्याकडे बघत होती.

“जळत होतो, मॅडम,” जनार्दन म्हणाला.

दाबकेबाईंनी त्याच्याकडे एक क्षण असं पाहिलं की त्याला वाटलं, त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं. मग त्यांनी ‘सिंधुजा’ला हाक दिली. पुढचं सगळं मिनिटांत ठरायचं होतं. किनाऱ्यावरची धावपट्टी सहाशे किलोमीटर, सतरामध्ये इंधन चारशेचं. हवेत इंधन भरणारं विमान? ते कागदावर. राहिलं जाळं. आणि ते एकुलतं एक जाळं या महिन्यात ‘अपरांता’च्या वाट्याला होतं.

“मुलीला इकडे वळवा,” दाबकेबाई म्हणाल्या. “आणि केळुसकर, रडायचं नंतर. जाळं उभं करायला माणसं घेऊन जा.”

डेकवर मे महिन्याचं ऊन, पायाखालचं लोखंड तापलेलं. दोन्ही बाजूंच्या खांबांमध्ये नायलॉनच्या रुंद पट्ट्यांचं जाळं चाळीस माणसांनी ओढून चढवलं. सरावात अकरा मिनिटं लागत, त्या दिवशी सातव्या मिनिटाला उभं राहिलं. जनार्दनच्या दोन्ही तळहातांची सालं निघाली. त्याला ते नंतर दुसऱ्याने दाखवलं.

आकाशात ठिपका दिसला, मोठा झाला. हुक आत घेतलेला होता. रेडिओवर चैतूचा आवाज आला, नेहमीपेक्षा थोडा चढा. “जाळं दिसतंय. येतेय.”

जनार्दनने डोळे मिटले नाहीत. आपल्या कर्माचं फळ बघायलाच हवं असं त्याला वाटलं. सतरा डेकवर आपटलं, घसरत आलं, जाळ्यात नाकाने घुसलं. पट्ट्यांनी पंख कवेत घेतले, उजवा पंख कडाडून मुडपला, पुढचं चाक मोडलं, आणि डेकच्या टोकापासून वीस पावलांवर सगळं थांबलं.

काच उघडली. चैतू बाहेर आली. धावत येणाऱ्या जनार्दनला पाहून म्हणाली, “काका, तुमच्या सतराचं वाटोळं केलं हो मी.”

तिला अजून कुणी काही सांगितलेलं नव्हतं. जनार्दन तिथेच तापल्या डेकवर मटकन बसला आणि लहान मुलासारखा रडला. मग त्यानेच तिला सांगितलं, सगळं, गोंदाच्या संपलेल्या डब्यापासून. चैतूने हेल्मेट उचललं आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेलिकॉप्टरने भाल्या आला. आधी लेकीला भेटला, मग हँगरमध्ये. जनार्दन मोडक्या सतराच्या शेपटीखाली उभा होता. भाल्याने बाही वर केली, सांध्याला लाल रंग फासला, थांबला, पुसला, पांढरी पूड मारली. दोघं बघत राहिले. पुडीवर हळूहळू करंगळीएवढी लाल रेघ उमटली.

“मार मला,” जनार्दन म्हणाला.

“तुला मारून काय करू मेल्या?” भाल्या म्हणाला. “ऐक. परवा ‘तराजू’ने मला विचारलं होतं. सांध्याचे आकडे जुळत नाहीत, हाताने तपासला का? माझ्याकडे सतरा धरून बारा विमानं झाली आणि माणसं सात विमानांपुरती. पोरं उभ्या उभ्या झोपतात. तुझी सात विमानं आणि पुरेशी माणसं बघून मी वर्षभर जळतोय, तुला ठाऊक तरी आहे? तरी रंगाचा डबा हातात घेतला होता. मग तुझी चिठ्ठी आठवली. जन्या लिहितो खोड नाही, म्हणजे नाही. यंत्रावर माझा विश्वास नव्हता, तुझ्या अक्षरावर होता. मी न तपासता ‘होय’ दाबलं.”

उभ्या जन्मात भाल्याने जनार्दनवर खरी मात केली ती आत्ता, आणि भाल्याच्या ते गावीही नव्हतं.

“मीही लिहून दिलंय, चौकशीत,” भाल्या हात पुसत म्हणाला. “माझ्या मुलीला जाळ्यात घातलं त्यात अर्धा वाटा माझा.”

चौकशी रीतसर झाली. उडती विमानं अठराची सतरा उरली. पाठराखिणीचा बत्तीस रकान्यांचा छापील फॉर्म निघाला आणि त्यात आजवर कुणी एकही खोड भरलेली नाही. भाल्याला ताकीद मिळाली. जनार्दनची चीफची पट्टी उतरली, आणि किनाऱ्यावरच्या दुरुस्ती शेडमध्ये बदली झाली, जिथे उडत नसलेली विमानं येतात. शुभदा आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी बोलली ते, “ताईला फोन लाव आणि स्वतःच्या तोंडाने सांग,” एवढंच.

तो नौका सोडून निघाला त्या सकाळी जेट्टीवर चैतू उभी होती. दीड महिन्यात पहिल्यांदा समोर आलेली. तिने एक बंद पाकीट पुढे केलं.

“बाबांनी दिलंय. तुम्ही उघडायचं नाही. नव्या साहेबांना द्यायचं.”

“चैतू…”

“मी अजून रागावलेलीच आहे, काका,” ती म्हणाली. मग त्याच्या पिशवीचा सुटलेला बंद ओढून नीट बांधला आणि वळली.

शेडवरचा अधिकारी तिशीतला तरणा गडी होता. त्याने पाकीट फोडलं, चिठ्ठी उलटसुलट केली. “हे काय? हाताने लिहिलेलं?” आणि समोर उभ्या जनार्दनला ऐकू जाईल असं मोठ्याने वाचू लागला.

“जनार्दन केळुसकर. खोड: डाव्या कानाने कमी ऐकतो, ते कुणाला सांगत नाही, त्याच्या उजवीकडून बोलावं. जळका आहे. तापला की आतून सुटतो आणि वरून आकडा बरोबर दाखवतो, म्हणून दर पाच दिवसांनी हाताने तपासावा. गुण: पाच जिने चढून स्वतःची खोड स्वतः सांगतो. असा हात ताफ्यात दुसरा नाही, माझाही नाही. सांभाळा. भालचंद्र आरोंदेकर.”

अधिकाऱ्याने मान वर केली. तो टेबलामागून उठला आणि चालत जनार्दनच्या उजव्या बाजूला येऊन उभा राहिला.

“यातलं खरं किती आहे, केळुसकर?”

“सगळं, सर,” जनार्दन म्हणाला. “पाठराखीण आहे ती.”